मयताचा कॉल

त्या काळी फोन लागत नसे, तो कुणीतरी लावून द्यावा लागे. आपण हँडल फिरवायचं, एक्स्चेंजमधला माणूस 'बोला' म्हणायचा, आपण गाव आणि नाव सांगायचं, आणि तो समोरच्या फळीवर एका भोकातून दुसऱ्या भोकात वायरीची पिन खोवायचा. सांगलीहून पस्तीस-चाळीस मैलांवर बोलायचं असलं तरी कॉल नोंदवून वाट बघत बसावं लागे. कधी दुपारचा कॉल दिवेलागणीला लागे, कधी लागतच नसे.

एका कॉलला मात्र रांग नव्हती. 'मयत आहे' म्हटलं की ऑपरेटर चालू बोलणं तोडून ती लाईन आधी जोडून देई. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. पण ज्याचं बोलणं मध्येच तुटे, तोही कुरकुर करत नसे. उद्या त्याच्याही घरी ती वेळ येणार होतीच.

कडेगाव भागातल्या एका बाजारगावी आप्पासो नावाचा ऑपरेटर होता. त्याने ही रीत आणखी पुढे नेली होती. फोन उचलणाऱ्याला तो आधी सांगे, "खाली बसून घ्या." मग लाईन जोडून स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढून ठेवी. दुसऱ्याच्या घरचं रडणं आपण ऐकू नये असं त्याचं म्हणणं होतं. आणि बोलणं संपलं की ज्या ज्या गावात फोन होते, तिथल्या सोयऱ्याधायऱ्यांना तो आपणहून बातमी कळवी. घरच्यांना त्या घटकेला कुठलं सुचणार? या कामाचे त्याने कधी पैसे धरले नाहीत.

मानसिंग हा त्याचा शाळूसोबती. दोघं कडेगावला एका बाकावर बसले, मानसिंगच्या आईच्या हातची भाकरी आप्पासोने कित्येकदा खाल्ली. पुढे मानसिंग आई शालूबाईला घेऊन सांगलीला गेला आणि तिथे 'सांगावा' नावाचं साप्ताहिक चालवू लागला. खाली छापखाना, वर दोन खोल्या.

शहात्तर सालची गोष्ट आहे. आणीबाणी लागून वर्ष उलटलं होतं. छापायच्या आधी मजकूर तपासून घ्यावा लागे आणि तपासून परत येई तेव्हा त्यात फारसं काही उरत नसे. त्या वर्षी नसबंदीची शिबिरं भरत होती. किती माणसं आणायची याचे आकडे वरून येत आणि आकडे भरायला खाली ट्रक फिरत. मानसिंग ते सगळं गोळा करत होता. बाजारातून उचललेले, एसटीच्या थांब्यावरून नेलेले, म्हातारे, बिनलग्नाचे. तो एकेकाला गाठून विचारी, आणि आधी कबूल झालेला माणूस आठवड्याने म्हणे, "माझं नाव नको घालू बाबा."

शेवटी एक सिद्धू उरला.

सिद्धू बावीस वर्षांचा, पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला मेंढपाळ. मेंढरं घेऊन साताऱ्याच्या मुलखात गेला असताना त्याला रस्त्यावरून ट्रकमध्ये घातलं होतं. त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलीचा बाप भाऊसो याच्या कानावर गेलं ते असं, की पोरगं तुपाच्या डब्याला आणि शंभर रुपयांना भुलून आपल्या पायानं गेलं. सोयरीक अजून मोडली नव्हती, पण अडून राहिली होती.

मानसिंगने त्याला विचारलं होतं, "तुला काय पाहिजे? नुकसानभरपाई?"

"मला काय बी नको," सिद्धू म्हणाला होता. "मी माज्या मर्जीनं गेलो न्हवतो, येवढं छापून द्या. त्यो कागूद मी भाऊसोमामास्नी दावतो."

पोलीस सिद्धूच्या वाडीवर दोनदा येऊन गेले, तेव्हा मानसिंगने त्याला आपल्या मामाच्या, लालासाहेबांच्या वस्तीवर ठेवलं. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ऊस चांगला वर आला होता आणि उसात माणूस राहिला तर कुणाला पत्ता लागत नसे. घरात सोसायटीच्या कामासाठी घेतलेला, आप्पासोच्याच एक्स्चेंजवरचा फोन होता.

आप्पासोने मानसिंगला सावध केलं ते बाजारगावच्या यात्रेत. दोघं चहा पीत होते.

"मामाला फोन करतूस नव्हं, जपून बोल," आप्पासो म्हणाला. "माज्या बोर्डाशेजारच्या खोलीत दोघं येऊन बसल्यात. पेटीयेवढं टेप मशीन हाय. मामाच्या लाईनीवर सांगलीचा कॉल आला की एक पिन तिकडं जोडायची, असा हुकूम हाय मला."

"आणि तू जोडतूस?"

"जोडतो. चार लेकरं हायती मला, गड्या." त्याने बशी खाली ठेवली. "एक मयताचा कॉल तेवढा न्हाई जोडत. तवा त्यांची पिन उपटून ठेवतो. म्हटलं सायेब, काय बी करा, रडणं टेप करायला मी देणार न्हाई. त्यो बी गप बसला. त्याला बी आई असंल."

मानसिंग हसला, पण ते त्याच्या डोक्यात राहिलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निरोप आला. पुण्याचे दोन वकील आणि एक डॉक्टर दुसऱ्या दिवशी मिरजेत उतरणार होते, दुपारच्या गाडीने पुढे जाणार होते. सिद्धूला त्यांच्यापुढे उभं केलं तर डॉक्टर तपासणार होते, वकील जबानी घेणार होते आणि ती बाहेर कुठेतरी छापून येणार होती. असा योग पुन्हा येईल याची खात्री नव्हती. मानसिंगला स्वतः हलता येत नव्हतं. समोरच्या हॉटेलात साध्या कपड्यातला जमादार सकाळपासून बाकड्यावर असे, आणि मानसिंग निघाला की मागे चाले. उरला फोन.

फोन उचलून त्याने मामाचं गाव सांगितलं. म्हणाला, "मयताचा कॉल आहे." सांगलीच्या ऑपरेटरने पुढे जोडलं. लगेच आप्पासोचा आवाज आला.

"मानसिंग? मयत कुणाचं रं?"

कुणाचं, याचा विचार मानसिंगने केलाच नव्हता. बातम्या जमवणारा माणूस, दहा बाजूंनी विचार करणारा; पण हा साधा प्रश्न आप्पासो विचारणारच, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि खोटं सांगतोय असं आप्पासोला कळू द्यायचं नव्हतं. त्याला जेवढं कमी ठाऊक तेवढा तो सुखरूप, असा मानसिंगचा हिशेब होता.

"आईचं," तो म्हणाला.

"मावशी गेली?" आप्पासो म्हणाला. त्याने खोलीची पिन उपटली, लालासाहेबांना "बसून घ्या सुभेदार" म्हणून सांगितलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"मामा, आई बरी हाय," मानसिंग घाईने म्हणाला. "दळण निवडत बसलीया. मी खोटं सांगितलं."

"मग आप्पानं मला खाली का बसवलं रं? माजा जीव गेला असता की." लालासाहेबांचा श्वास अजून जाग्यावर आला नव्हता. "जित्या आईला मारून टाकलीस? दुसरं कोण गावलं न्हाई?"

"तोंडातनं गेलं. ऐका आधी. सिद्धूला उद्या सकाळी मिरजेत पोचवायचाय." त्याने कुठे, कुणाकडे ते सांगितलं. दोन मिनिटांत बोलणं संपलं.

"पहाटं मी सोता पोचवतो त्याला," लालासाहेब म्हणाले. "काळजी करू नगंस. आन आईच्या पाया पड आज."

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. भिंतीपलीकडच्या टेपवर एक अक्षर गेलं नव्हतं.

आप्पासोने डोळे पुसले आणि तो कामाला लागला. शालूबाईच्या माहेरच्या भावकीत ज्यांच्या गावी फोन होते त्यांना त्याने एकेक करून कळवलं. जिथे फोन नव्हता तिथे एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. इतर कुणासाठी त्याने जे केलं असतं तेच केलं. फक्त या वेळी कुणी राहू नये म्हणून जास्त झटून केलं.

लालासाहेबांनी दुपारी सिद्धूला उसातून घरी बोलावलं. उद्या घालायला आपल्या धाकट्या मुलाची विजार आणि सदरा दिला. सिद्धू पडवीत उभा राहून सदऱ्याची बटणं लावत होता, तेवढ्यात वाटेवरून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. लालासाहेबांनी बाहेर बघितलं. उसाचा रिकामा ट्रक येऊन थांबला होता आणि त्यातून त्यांची चुलतभावंडं, भावजया, पुतणे उतरत होते.

"दादा, शालाक्का गेली व्हय गा," असं म्हणत थोरल्या चुलतभावाने त्यांना मिठीच मारली.

मागून हरिबा आला. हरिबा भावकीतलाच, पण गावचा पोलीस पाटील. त्याच्या अंगावर सरकारी काही नव्हतं, खांद्यावर पांढरं उपरणं होतं. तो आला होता तो चुलतबहिणीला शेवटचं बघायला. पण 'शालू जिती हाय' असं त्याच्यासमोर म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: मग हा फोन कुणी केला, आणि कशापायी? लालासाहेबांनी चुलतभावाच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"हा कोण?" सिद्धूकडे बघत हरिबाने विचारलं.

"नवा गडी हाय. आटपाडीकडचा."

त्यांची बायको मनुबाई सकाळपासून रानात होती, रडणं ऐकून धावत आली; तिला खरं काय ते सांगायला सवडच मिळाली नाही. ती आतून लुगडं घेऊन आली. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. ते आल्याशिवाय प्रेत उचलत नाहीत. मनुबाईने दिवाळीला स्वतःसाठी घेतलेलं नवं कोरं लुगडं काढलं होतं.

"चला की आता," ती म्हणाली. "वन्सं वाट बघत असत्याल."

लालासाहेबांनी घटकाभर विचार केला आणि त्यांना वाटलं, हे बरंच झालं. मयताला निघालेला ट्रक कुठल्या नाक्यावर कुणी अडवत नाही. तीस माणसांत सिद्धू खपून जाईल. सांगलीच्या अलीकडे त्याला उतरवू, तिथून तो चालत मिरजेच्या रस्त्याला लागेल. त्यांनी सिद्धूच्या कानात ते सांगितलं आणि त्याला ट्रकच्या मागच्या कडेला बसवलं. फौजी माणसाचा हा डाव चुकीचा नव्हता. वाटेत तीन ठिकाणी पोलीस होते. तिन्ही ठिकाणी बायकांचं रडणं ऐकून त्यांनी हाताने 'जावा' केलं. एकाने टोपी काढली.

सांगली जवळ आली. लालासाहेबांनी ट्रकच्या टपावर हात आपटला.

ट्रक चालवणारा त्यांचा पुतण्या होता. त्याला वाटलं, काका म्हणतोय जोरात घे, लुगडं पोचायला पाहिजे. त्याने वेग वाढवला. लालासाहेबांनी पुन्हा आपटलं, तसा त्याने आणखी वाढवला. रडण्यापुढे हाक ऐकू जाईना. ट्रक थांबला तो थेट 'सांगावा'च्या दारात.

शालूबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून हरभरा सोलत होती. ट्रक थांबला, माणसं उतरली, मनुबाई छाती पिटत पुढे आली आणि जागच्या जागी थिजली.

"कोण गेलं गं मनू?" शालूबाई घाबरून उठली. "दादा बरा हाय न्हवं?"

हातातलं लुगडं पुढे धरून मनुबाई म्हणाली, "आवं वन्सं, तुमीच की."

कुणीतरी हसलं. रडता रडता फुटलेलं हसू ते. मग सगळेच एकदम सकाळच्या फोनविषयी बोलू लागले. एक म्हातारी शालूबाईचे गाल चाचपून बघत होती. मानसिंग छापखान्यातून बाहेर आला आणि ती सगळी तोंडं बघून त्याला कळून चुकलं, की आपण आप्पासोच्या चांगुलपणाचा अर्धाच भाग हिशेबात धरला होता.

समोरच्या बाकड्यावरून जमादार उठला.

शालूबाईने मुलाचा चेहरा बघितला, रस्ता ओलांडून येणारा माणूस बघितला. तिला काही ठाऊक नव्हतं, पण मुलगा अडचणीत आहे एवढं तिने ओळखलं.

"सकाळी मला चक्कर आली," ती मोठ्याने म्हणाली. "थंडगार पडली हुती मी. पोरगं भ्यालं, आन फोन केला त्यानं."

"सकाळी तर आजी तुम्ही नळावर होता," जमादार शांतपणे म्हणाला. "मी बघितलं ना."

अर्ध्या तासात आणखी पोलीस आले. ज्या घरात मयत नाही तिथे मयताला आलेली तीस माणसं ही त्यांच्या लेखी गुप्त सभा होती. सगळ्यांना रस्त्याच्या कडेला ओळीने बसवलं आणि एकेकाला विचारत गेले, बाईचा तू कोण? चुलतभाऊ. भावजय. भाचा. आत्तेभावाचा मुलगा. कुणीही अडखळलं नाही.

ओळीच्या शेवटी सिद्धू होता.

"माज्या भावाचा सालगडी हाय त्यो," शालूबाई म्हणाली. तिने त्याला पहिल्यांदाच बघितलं होतं.

साहेबाने सिद्धूच्या कानातली बाळी बघितली, अंगावरचा आखूड सदरा बघितला. खिशातून सिद्धूच्या वर्णनाचा कागद काढून वाचला. तरी खात्री होईना. मग तो म्हणाला, "ह्याला आत न्या. लुंगी, विजार, काय असेल ते उतरवून बघा, ऑपरेशनची खूण आहे का."

दोघांनी त्याला छापखान्यात नेलं. रस्त्यावर बायकांनी मान खाली घातली. जी खूण उद्या मिरजेत डॉक्टरांनी बघायची, जी त्याच्यावरच्या जबरदस्तीचा पुरावा ठरायची, तीच या लोकांनी आज बघितली आणि तिच्यावरून त्याला धरलं. सिद्धू बाहेर आला तेव्हा सदऱ्याची दोन बटणं चुकीच्या काजात अडकली होती. गाडीत चढताना तो लालासाहेबांना म्हणाला, "धाकल्या धन्याची कापडं मळली जरा." बस्स, एवढंच.

हरिबाने आपलं उपरणं काढून घडी घातली. "पोराचं वर्णन माज्याकडं बी आलं हुतं, मला वस्तीवरच वळकू आलं हुतं," तो लालासाहेबांना हळूच म्हणाला. "मी बोलणार न्हवतो, दादा."

दुसऱ्या दिवशी पुण्याची माणसं मिरजेत वाट बघून दुपारच्या गाडीने गेली. सिद्धूचा अंगठा एका जबानीखाली उठवून घेतला: मी माझ्या खुशीने शस्त्रक्रिया करून घेतली. ती मात्र लगोलग सगळ्या वाडीवर वाचून दाखवली गेली. मानसिंगला आत टाकलं. आप्पासोची चौकशी झाली.

"कॉल का ऐकू दिला नाहीस?" त्याला विचारलं.

"मयत हुतं सायेब."

"कुठे होतं मयत?"

आप्पासोची नोकरी गेली.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या, सरकार बदललं, मानसिंग सुटला. त्याने पहिलं काम केलं ते सिद्धूची हकिकत छापायचं. नाव, गाव, ट्रक, शिबिर, अंगठा, सगळं. कुणी एक ओळ कापली नाही. अंक घेऊन तो स्वतः वाडीवर गेला. सिद्धू मेंढरांना पाणी पाजत होता. त्याला वाचता येत नव्हतं. मानसिंगने बोट ठेवून वाचून दाखवलं.

"मर्जीनं गेलो न्हवतो, हे लिवलंय?"

"हे बघ. इथं. ठळक अक्षरात आहे."

सिद्धूने त्या ओळीवरून अंगठा फिरवला. "ब्येस झालं," तो म्हणाला. "भाऊसोमामानं पोरगी दिली माघात, जतकडं." त्याने अंक नीट घडी करून परत मानसिंगच्या हातात दिला. "आता ह्यो कुणाला दावू? तुमीच ठेवा."

मानसिंगने त्याच्यापुढे हात जोडले, तर सिद्धूने ते धरून खाली केले. "तुमी चांगल्यासाटीच केलं," तो म्हणाला. मानसिंगला ते ऐकवलं नाही.

आप्पासोला भेटायला मात्र त्याचे पाय निघाले नाहीत. नव्या सरकारने गेलेल्या नोकऱ्या परत दिल्या, तसा अर्ज आप्पासोनेही करावा म्हणून मानसिंगने दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. तो शेती करत होता, एवढं लोकांकडून कळे.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात शालूबाई खरोखर गेली. मनुबाईचं ते लुगडं तिने पेटीत जपून ठेवलं होतं, थट्टेने म्हणायची, "माजं आलंय आधीच, आता कुणाला घाई न्हाई." तेच तिच्या अंगावर घातलं. शेजारी म्हणाले, फोन कर मामाला. मानसिंगने फोन उचलला, 'मयत' हा शब्द ओठावर आला आणि त्याने फोन ठेवून दिला. शेजाऱ्याची मोटारसायकल घेतली आणि स्वतः निघाला. मामाच्या वस्तीवर, चुलतमामांच्या गावी, हरिबाकडे, प्रत्येक दारात उतरून तो तोंडाने सांगत गेला. दारोदार माणसं आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग रडत.

शेवटी तो बाजारगावाबाहेर आप्पासोच्या रानात आला. आप्पासो बांधावर गवत कापत होता. मानसिंग गाडीवरून उतरला आणि नुसता उभा राहिला.

आप्पासोने विळा थांबवला. "खरंच?" त्याने विचारलं.

मानसिंगने मान हलवली.

आप्पासोने गवताची पेंडी बांधली, हात धुतले, बाभळीच्या फांदीवरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. चपला घालून तो मोटारसायकलच्या मागच्या सीटवर येऊन बसला.

"कुणाकुणाला कळवायचं ऱ्हायलंय?" तो म्हणाला. "चल."